ग्रहण ऑक्टोबरचं, डोळा आषाढाच्या तोंडावरचा

"ताई, ग्रहणात मी विळी हातात घेतली होती. त्यानेच झालं का हो?"

मांडीवर चार महिन्यांचा मुलगा. उजव्या डोळ्यातली बाहुली गोल नाही, कुलपाच्या भोकासारखी खाली ओघळलेली. शेजारी सासूबाई गप्प, पण आरोप कुणाचा ते कळत होतं.

कोलोबोमा, म्हणजे डोळ्याचा काही भाग जन्मतःच अपुरा राहणं. तो असला की हा प्रश्न येतोच, कारण तो दिसतोच कापल्यासारखा. पूर्वी मी "अंधश्रद्धा आहे" म्हणून झटकून टाकायचे. त्याने सून काही सुटत नाही, सासू तेवढी दुखावते. आता मी सरळ कॅलेंडर काढते.

बाळ फेब्रुवारी २०२३चं, दिवस भरून झालेलं. सूर्यग्रहण २५ ऑक्टोबर २०२२ला, लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी. तेव्हा हिला सहावा महिना. गर्भाच्या डोळ्याला खालून एक फट असते, ती पाचव्या ते सातव्या आठवड्यात मिटते. याची पुरती मिटलीच नाही. मागे मोजत गेलो तर तो काळ जूनअखेरचा निघाला.

"म्हणजे पालख्या वाटेला लागल्या होत्या तेव्हा," सासूबाई पहिल्यांदा बोलल्या.

लोक बाहुलीला घाबरतात, मला धास्ती आतल्या भागाची. फट मागेपर्यंत उघडी राहिली असेल, तर तिथला पडदा पातळ असतो. तो फाटून सुटू शकतो, कधी कधी पार मोठेपणी. मोतीबिंदू, काचबिंदूचाही धोका. म्हणून नजर चांगली वाटली तरी थेंब घालून नियमित तपासणी हवीच. पुढे कधी चमक दिसली, काळे ठिपके वाढले, सावली आली, तर त्याच दिवशी यायचं. काही मुलांत याच्या जोडीला हृदय, कान, मूत्रपिंडांतही दोष असतात, म्हणून डॉक्टरांनी तेही तपासायला सांगितलं.

आणि आईबाबांचे डोळेही. बाबांच्या डाव्या डोळ्यात मागे अशाच न मिटलेल्या फटीचा छोटा डाग निघाला. नजर उत्तम, त्यामुळे आजवर पत्ताच नव्हता.

सासूबाईंचा चेहरा उतरला. सुनेवरचं खापर आता आपल्या मुलावर येणार, असं त्यांना वाटलं असावं. मी सांगितलं, हे आनुवंशिक असू शकतं, त्यात त्याचाही काही दोष नाही. जनुकांची तपासणी करता येते, पण कारण हाती लागेलच असं नाही. पुढच्या बाळाचा धोका मात्र जनुकतज्ज्ञांशी बोलूनच ठरवा.

उठताना सासूबाईंनी पिशवीतून चष्मा काढला. "थेंब घालून माझेही बघतील का?"