आधी वजनकाटा, मग पडदे

डिझेल व्हॅन घेऊन त्यातच कायमचं राहायचं म्हणणाऱ्यांचे प्रश्न इतके साठलेत की आता एकेकाला वेगळं उत्तर देणं जमेना, म्हणून सगळं एकदाच लिहितोय. मी आणि बायको तीन वर्षं अशा गाडीत राहिलो. पहिली गाडी मी भोसरीतल्या एका शेडमध्ये बनवून घेतली आणि चुकवली, दुसरी जरा बरी जमली. तेव्हा खाली जे काही आहे त्यातलं निम्मं पैसे घालवून शिकलेलं आहे.

प्रश्न (बिबवेवाडी): मी ६१, मिसेस ५८. फ्लॅट भाड्याने देऊन निदान दोन-तीन वर्षं गाडीतच राहायचा विचार आहे. फोर्सची ट्रॅव्हलर, फोर्सचीच अर्बेनिया का टाटाची विंगर? मुलगा म्हणतो अर्बेनियाच घ्या, दिसायला भारी आहे.

मुलाचं बरोबर आहे, दिसते भारीच. पण काका, तुम्ही राहायला गाडी घेताय, मिरवायला नाही, त्यामुळे पहिला प्रश्न असा विचारा की चंबळच्या पलीकडे कुठल्यातरी तालुक्याच्या गावात संध्याकाळी सात वाजता क्लच गेला तर तिथला गॅरेजवाला हिला हात लावेल का. ट्रॅव्हलरला लावेल. शाळेची बस, अ‍ॅम्ब्युलन्स, यात्रा कंपनीची गाडी, सगळीकडे तीच पळते, आणि कंपनी आपल्या आकुर्डीची, त्यामुळे पुण्यात तर नाना पेठेत गेलात की पार्ट हातात. २.६ लिटरचं इंजिन आहे, रुबाब नाही पण दमाने ओढतं. अर्बेनियात बसायला आराम, आवाज कमी, सस्पेन्शन चांगलं, आणि दिवसाला चार-पाच तास चालवणार असाल तर पाठीला फरक नक्की पडतो. फक्त तिचे बॉडीचे भाग, काचा, सेन्सर लहान गावात पटकन मिळतील हे धरून चालू नका. विंगर चालवायला कारसारखी हलकी, फ्लोअर खाली असल्याने गुडघे दुखणाऱ्यांना चढायला सोपी, पण तिला ड्राइव्ह पुढच्या चाकांना आहे, आणि पलंग, पाण्याची टाकी, बॅटऱ्या सगळं मागे टाकलं की पावसात शेवाळलेल्या चढावर पुढची चाकं फिरायला लागतात. वरंधा घाटात माझ्या एका मित्राची अशी फिरली, मागून दोन माणसं बोनेटवर बसवली तेव्हा कुठे गाडी वर आली.

तरी माझ्या मते मॉडेल हा दुसरा प्रश्न आहे. पहिला वजनाचा. आरसी बुकावर (गाडीच्या नोंदणीच्या कागदावर) ग्रॉस वजन, म्हणजे भरलेल्या गाडीचं कमाल वजन, लिहिलेलं असतं, त्यातून रिकाम्या गाडीचं वजन वजा केलं की उरतं ते तुमचं, त्यातच तुम्ही दोघं, पाणी, फर्निचर, गॅस, कपडे, मिसेसचे डबे आणि कुकर. लोक हा हिशोब शेवटी करतात, म्हणजे करतच नाहीत. १८ एमएमची आठ बाय चारची एक मरीन प्लाय शीट साधारण ३५ किलो भरते. सुताराने घरातल्यासारखं किचन, पलंग, कपाटं केली की दहा-बारा शीट सहज जातात, झाले ना चारशे किलो, अजून पाणी भरलं पण नाही! माझ्या पहिल्या गाडीत हेच झालं. पाटे (मागच्या स्प्रिंगा) बसले, खंबाटकी घाट उतरताना ब्रेकचा वास यायला लागला, आणि मग वाघोलीला काट्यावर नेली तेव्हा आकडा बघून मी दहा मिनिटं गप्प बसलो होतो. म्हणून रिकामी गाडी घेतल्या दिवशी काट्यावर न्या, पुढची आणि मागची चाकं वेगवेगळी चढवून पावती घ्या, आणि काम अर्धं झालं की परत न्या. दोनशे-तीनशे रुपयांचं काम आहे.

आणि हो, शोरूममध्ये गेलात की आत दोघं एकदम उभे राहून एकमेकांना ओलांडून बघा. एकजण भाजी चिरतोय आणि दुसऱ्याला मागे जायचंय, हे दिवसातून चाळीस वेळा होणार आहे.

प्रश्न (वाकड): आम्ही दोघंही रिमोट काम करतो, आयटी. टपावर ४०० वॉट सोलर आणि २०० एएच (अँपिअर-अवर) लिथियम बॅटरी असं कोटेशन आलंय. इंडक्शन, फ्रिज, दोन लॅपटॉप आणि रात्री एसी चालेल असं व्हेंडर म्हणतो. चालेल ना?

नाही चालणार. व्हेंडरला म्हणावं तूच एक आठवडा राहून दाखव. कागद घ्या आणि युनिटमध्ये हिशोब करा, घरच्या लाइट बिलासारखा. ५० लिटरचा १२ व्होल्टचा कॉम्प्रेसर फ्रिज दिवसाला साधारण अर्धा युनिट. दोन लॅपटॉप, एक मॉनिटर, राउटर मिळून एक युनिट धरा. दोन बीएलडीसी (कमी वीज खाणारे) पंखे रात्रभर, अर्धा युनिटच्या आसपास. लाइट, पंप, फोन हे किरकोळ. दोन वेळचा स्वयंपाक इंडक्शनवर केला तर एक, सव्वा युनिट. म्हणजे एसी न धरताच तीन-सव्वातीन युनिट झाले. आता २०० एएच, १२.८ व्होल्ट, म्हणजे २.५६ युनिट, त्यातले वापरण्यासारखे दोन-सव्वादोन, आणि इन्व्हर्टर स्वतःही थोडं खातो. पहिल्याच दिवशी तूट.

सोलरचं बघा. ४०० वॉटचं पॅनल पुण्यात एप्रिलमध्ये टपावर आडवं टाकलेलं दिवसाला दीड युनिट, फार तर पावणेदोन देतं. जुलैमध्ये ढग बसले की अर्धा युनिट मिळाला तरी नशीब. आणि गंमत अशी की पॅनलला ऊन पाहिजे आणि तुम्हाला सावली पाहिजे, दोघांना एकच गाडी, त्यामुळे एप्रिलमध्ये रोज भांडण. आमच्यात पॅनल जिंकायचं, मी खुर्ची घेऊन बाहेर आंब्याखाली बसायचो.

मी असं करीन: ४०० एएच लिथियम आयर्न फॉस्फेट, तीच सोलर, आणि इंजिनवरून चार्ज करायला नीट डीसी-डीसी चार्जर. नुसता रिले (इंजिन चालू झालं की दोन बॅटऱ्या जोडणारा स्विच) टाकून देतो म्हणणारे अजून आहेत, त्यांचं ऐकू नका, नव्या बीएस-६ (प्रदूषणाच्या नव्या नियमांच्या) गाड्यांचे अल्टरनेटर, म्हणजे इंजिनवर वीज बनवणारे जनरेटर, व्होल्टेज कमी-जास्त करतात, त्यात बॅटरी पूर्ण भरत नाही, आणि रिकामी लिथियम अल्टरनेटरमधून एवढा करंट ओढते की तो तापून जळू शकतो. ३० अँपिअरचा चार्जर दोन तासांच्या ड्राइव्हमध्ये पाऊण युनिट देतो. शिवाय बाहेरून १६ अँपिअरचा प्लग लावायची सोय ठेवा, अर्थिंग आणि आरसीसीबी (शॉक लागायच्या आत वीज तोडणारा स्विच) यांच्यासकट. ढाब्यावर, होमस्टेवर दोनशे रुपये दिले की रात्रभर प्लग मिळतो, आणि खरं सांगायचं तर कायम राहणारे सगळे शेवटी प्लगवरच येतात. वायर, फ्यूज, लग्ज (वायरच्या टोकाला लावायच्या धातूच्या टोप्या) तापकीर गल्लीत मिळतात, पण वायरची जाडी दुकानदाराला विचारू नका, स्वतः काढून जा. १२ व्होल्टला २००० वॉटचा इन्व्हर्टर म्हणजे पावणेदोनशे अँपिअर, तिथे घरातली वायर टाकली तर घरच पेटेल.

एसीचं स्वप्न प्लग असेल तेव्हाच बघा. एक टनाचा इन्व्हर्टर एसी रात्रभरात चार-पाच युनिट खातो. त्यापेक्षा उन्हाळ्यात महाबळेश्वरला नाहीतर वर हिमाचलला जा ना, गाडीला चाकं कशाला दिलीत!

प्रश्न (हडपसर): पिवळ्या पाटीची जुनी ट्रॅव्हलर अ‍ॅम्ब्युलन्स स्वस्तात मिळतेय. आत मीच सगळं करीन. आरटीओचं काय?

स्वस्त गाडी, महाग कागद. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनमध्ये मूलभूत बदल करता येत नाही, आणि सुप्रीम कोर्टानेही २०१९ च्या निकालात हेच धरलंय. मोटर कॅराव्हान, म्हणजे आत राहायची सोय असलेली गाडी, हा वेगळा मंजूर प्रकार आहे आणि त्याची तपासणी करणाऱ्या संस्थांपैकी एक आपल्याच वेताळ टेकडीवर आहे, जिच्या नावाने आपण त्या टेकडीला एआरएआय टेकडी म्हणतो. तर ज्याच्याकडे मंजूर डिझाइन आहे अशा बिल्डरकडून गाडी कॅराव्हान म्हणून नोंदवून घेणं सगळ्यात बिनत्रासाचं. जुनी घ्यायचीच असेल तर टोकन द्यायच्या आधी आरसीची कॉपी घेऊन आपल्या आरटीओत जा आणि कमर्शियलची खाजगी आणि अ‍ॅम्ब्युलन्सची कॅराव्हान अशा दोन्ही बदलांना परवानगी मिळेल का ते विचारा, एजंटच्या तोंडी आश्वासनावर जाऊ नका. नोंद न करता आत घर केलं तर पोलीस दंड करतील तो सोडा, अपघात झाल्यावर इन्शुरन्सवाला हात वर करेल तेव्हा रडाल.

अजून एक. गाडी किती जुनी आहे? दिल्ली भागात दहा वर्षांपुढच्या डिझेल गाड्यांवर २०१५ पासून बंदीचे आदेश निघत आलेत, मध्ये मध्ये त्यात बदल, सवलती होतात. हिमाचल, काश्मीर, लडाखला जायचं तर दिल्लीला वळसा घालता येतो, पण नकाशा घेऊन आधीच ठरवा.

लायसन्सबद्दलही विचारलंय बऱ्याच जणांनी: ७५०० किलोपर्यंत ग्रॉस वजनाला एलएमव्ही (हलक्या वाहनांचं) लायसन्स चालतं, नोव्हेंबर २०२४ मध्ये घटनापीठाने ते कमर्शियल गाड्यांसाठीही स्पष्ट केलंय.

प्रश्न (सांगवी): सुतार म्हणतो साधा प्लाय वापरू, वरून सनमायका लावला की पाणी लागत नाही. खरं का?

माझ्याही सुताराने हेच सांगितलं होतं. जूनमध्ये ताम्हिणीत आठ दिवस राहिलो, नवव्या दिवशी किचनचं दार बंद होईना, दहाव्या दिवशी उघडेना. पाणी वरून येत नाही हो, हवेतून येतं आणि पत्र्याच्या आतल्या बाजूला साचतं. दोन माणसं रात्रभर श्वास घेतात, सकाळी चहा उकळतो, ती वाफ थंड पत्र्यावर जाऊन बसते आणि खाली प्लायच्या कडेत शिरते. म्हणून आयएस ७१० (मरीन प्लायचं भारतीय मानक) शिक्का असलेला मरीन प्लाय, तोही जिथे भार आहे तिथेच, बाकी १२ आणि ९ एमएम, आणि सांगाडा जमेल तितका अ‍ॅल्युमिनियम सेक्शनचा. कापलेली प्रत्येक कड सील करायची, ही पायरी सगळे सुतार गाळतात, समोर उभं राहून करून घ्या. पत्र्याला आतून बंद पेशीचा फोम चिकटवा, नायट्राइल रबर किंवा एक्सएलपीई (एक प्रकारचं प्लास्टिक) यांचा, मध्ये फट न ठेवता. काचेची लोकर (ग्लास वूल) नको, पाणी धरते. आणि टपात एक एक्झॉस्ट पंखा पाहिजेच, माझ्यासाठी ती गाडीतली सगळ्यात मोलाची वस्तू आहे, टीव्हीपेक्षा कितीतरी.

शीट भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमधून घ्या, बिजागऱ्या आणि कड्या बोहरी आळीतून. ड्रॉवरला दाबून उघडणारं लॉक घाला, मॅग्नेट नको. पहिल्याच स्पीडब्रेकरला सगळे चमचे ड्रायव्हरच्या पायाशी येतात.

प्रश्न (औंध): नोव्हेंबरात स्पितीला जायचंय. आत गॅस वापरावा का? आणि डिझेल हीटर घ्यायचा का?

गॅस वापरा, पण भीती बाळगून. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळला की जमिनीवर साचतो, म्हणून सिलिंडरचा कप्पा आतल्या बाजूने पूर्ण बंद आणि त्याच्या तळाला बाहेर जाणारं भोक. कायम फिरणाऱ्यांना घरच्या १४.२ किलोपेक्षा ५ किलोचा छोटा बरा, पंपावर, किराणा दुकानात मिळतो आणि वजन वाचतं. थंडीत मात्र सिलिंडर आळशी होतो, त्यातला ब्युटेन शून्याच्या आसपास वाफ व्हायचाच थांबतो. तिथे डिझेल हीटर खरा उपयोगी, दोन किलोवॉटचा आपल्या आकाराच्या गाडीला पुष्कळ. त्याची ज्वलनाची हवा बाहेरून आत येते आणि धूरही बाहेरच जातो, तरी सायलेन्सरचा जोड गाडीच्या खालीच ठेवायचा, आत नाही. उंचीवर हवा विरळ, तिथे काजळी धरतो, म्हणून हाय अल्टिट्यूड सेटिंग असलेलाच घ्या.

टाकीतलं डिझेलसुद्धा गोठतं. इंडियन ऑइलने २०१९ मध्ये लडाखसाठी उणे ३३ अंशापर्यंत न गोठणारं विंटर डिझेल आणलं ते उगाच नाही. पुण्याहून भरलेली टाकी घेऊन वर जाऊ नका, टाकी रिकामी होत आली की वरच्या पंपावर भरा. लिथियम बॅटरी शून्याखाली चार्ज करायची नसते, ती पलंगाखाली उबेत ठेवा.

आणि एक गोष्ट मी दहा वेळा लिहीन: रात्री इंजिन किंवा जनरेटर चालू ठेवून झोपायचं नाही. डिसेंबर २०२४ मध्ये केरळात वडकरा इथे कॅराव्हानमध्ये झोपलेले दोघं कार्बन मोनॉक्साइडने गेले. त्याला वास नसतो. त्याचा अलार्म घ्या, उशीच्या उंचीवर लावा.

शिवाय बीएस-६ डिझेलला नुसतं आयडलवर ठेवणं सोसत नाही, डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) काजळीने भरतो. महिनाभर एका जागी राहिलात तरी आठवड्यातून एकदा हायवेला अर्धा-पाऊण तास पळवून आणा, दिवा लागायची वाट बघू नका.

प्रश्न (कोथरूड): टॉयलेट आणि पाणी. मिसेसचा हाच एक अडसर आहे.

अडसर नाही, त्यांचाच प्रश्न बरोबर आहे! कॅसेट टॉयलेट घ्या, टाकी वीस लिटरच्या आत असते, दोघांना दोन-तीन दिवस जाते. ती नेहमीच्या संडासात रिकामी करायची, ओढ्यात नाही आणि शेतात तर मुळीच नाही. पंपावर, धर्मशाळेत विचारलं तर लोक हो म्हणतात, नंतर स्वतः पाणी टाकून धुवायचं. पाणी शंभर-एकशेवीस लिटर पुरे, तेही शंभर-एकशेवीस किलो असतं हे विसरू नका. आम्ही दोघं दिवसाला तीस लिटरमध्ये भागवायला शिकलो, आंघोळ बादलीने. सांडपाण्याची टाकी निदान पाऊणशे लिटरची पाहिजे, ती सगळे विसरतात आणि मग गाडीखालून आमटीचं पाणी रस्त्यावर.

प्रश्न (धायरी): फ्लॅट विकून टाकला तर पत्ता कुठला द्यायचा?

भावाचा, बहिणीचा, जो पोस्टाने आलेला कागद फोटो काढून पाठवेल अशा कोणाचाही. आधार, बँक, आरसी, इन्शुरन्स, सगळीकडे एकच पत्ता. पण पहिल्या वर्षी विकू नका हो, भाड्याने द्या. आणि ज्याचा पत्ता दिलाय त्याच्या सोसायटीच्या गेटची उंची मोजून ठेवा, आमच्या मेहुण्याच्या गेटमध्ये टपावरचं पॅनल अडकलं होतं ते अजून तो विसरलेला नाही.