आजोबांच्या ट्रंकेत जुनी पाकिटं आणि पोस्टकार्डं सापडली आहेत, बरीचशी १९७१-७२ ची. तिकिटं कापून अल्बममध्ये लावू का? किती पैसे येतील?

कात्री आधी ड्रॉवरमध्ये ठेवा, मग बोलू.

मी नाशिकचा. आमच्या नाशिकरोडच्या सिक्युरिटी प्रेसमध्ये १९२५-२६ पासून तिकिटं छापली जातात. त्याआधी ती लंडनच्या डे ला रू कंपनीकडून यायची. त्यामुळे सुटं तिकीट बघून मी काही हरखत नाही (नाशिककराचा तोरा म्हणा हवं तर). रोजच्या वापराची तिकिटं ढिगांनी छापली गेली. ते तिकीट कोणत्या गावात, कधी, कोणत्या दरासाठी लागलं, हे पाकीटच सांगतं.

तुमची १९७१-७२ ची पाकिटं आधी बाजूला काढा. पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासितांच्या मदतीसाठी १५ नोव्हेंबर १९७१ पासून ३१ मार्च १९७३ पर्यंत टपालावर पाच पैशांचा जादा कर होता. त्याचं खास तिकीट हाती येईपर्यंत कुटुंबनियोजनाच्या नेहमीच्या पाच पैशांच्या तिकिटावरच ‘रिफ्यूजी रिलीफ’ असं छापून काम भागवलं. काही ठिकाणी तर स्थानिक पोस्टांनी सरळ रबरी शिक्के मारले, आणि गावागणिक त्यांची अक्षरं वेगळी. संग्राहक या शिक्क्यांच्या मागे असतात. पण सुट्या तिकिटावर असा शिक्का आज कुणीही घरी बसून मारेल. पाकिटावर पोस्टाचा शिक्का तिकिटावरून कागदावर उतरलेला असेल, गाव आणि तारीख वाचता येत असेल, तर त्याला पुरावा म्हणता येतं. कापलंत की पुरावा अर्धा राहिला.

प्रत्येक पाकीट उलटून बघा. जुन्या पत्रांच्या पाठीवर बहुधा पोचल्याच्या गावाचा शिक्का असतो, म्हणजे प्रवासाला किती दिवस लागले ते कळतं. मध्ये आरएमएसचा, म्हणजे रेल्वे टपालाचा शिक्का असला तर फारच छान. पत्ता खोडून दुसरा लिहिलाय का, तिकीट नसल्याने किंवा कमी लावल्याने ‘बेअरिंग’ लिहून दुप्पट पैसे वसूल केलेत का, तेही बघा. पत्ता मोडी लिपीत असेल तर वाचणारा गाठा. पोस्टकार्डावर तारीख पुसट असेल तर किंमत बघा: १८७९ मध्ये कार्ड सुरू झालं ते पाव आण्याला, आणि १९२२ मध्ये अर्धा आणा झाला. पाव आण्याचं कार्ड जादा तिकीट न लावता गेलं असेल तर बहुतेक त्याआधीचं.

पैशांचं म्हणाल तर बहुतेक पाकिटांना चहा-वड्यापुरतेच येतील. एखादंच चांगलं निघतं. कुणी ‘सगळा गठ्ठा द्या’ म्हणाला तर लगेच देऊ नका.

सेलोटेप आणि लॅमिनेशन बिलकूल नको. स्वस्त पीव्हीसीच्या पिशव्याही नकोत, त्या कागदाला चिकटतात. आमच्याकडे पावसाळ्यात कागद सर्द होतो, म्हणून मी पॉलिएस्टरच्या पारदर्शक खिशांत ठेवतो आणि डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकतो. आतलं पत्र असेल तर पाकिटापासून वेगळं करू नका.

आणि दुसऱ्या महायुद्धातलं, सेन्सॉरने उघडून तपासल्यावर कडेला ‘ओपन्ड बाय एक्झॅमिनर’ची पट्टी चिकटवलेलं, आमच्या नाशिकजवळच्या देवळाली कॅम्पच्या, म्हणजे लष्करी छावणीच्या, शिक्क्याचं एखादं निघालं तर दोन्ही बाजूंचे फोटो इथे टाका. मला बघायचंय.