हॅलोवीन ही अमेरिकनांची सर्वपित्री अमावस्या आहे का?

तुमचा मूळ प्रश्न थोडा लांब होता: हॅलोवीन म्हणजे अमेरिकनांची सर्वपित्री का, त्यात सैतानाची पूजा असते हे खरं का, आणि सोसायटीत मुलांची पार्टी ठेवलीय तर पाठवावं की नाही.

पाठवा. आता बाकीचं सावकाश सांगतो.

मी गेली 9 वर्षं आयर्लंडमध्ये, मीथ काउंटीत राहतो. त्यामुळे पहिली हरकत 'अमेरिकन' या शब्दाला. इथल्या म्हाताऱ्या माणसांसमोर हॅलोवीनला अमेरिकन म्हणालात तर ती तेवढ्यापुरती चहाचा कप खाली ठेवतात. आयरिश भाषेत नोव्हेंबर महिन्याचं नावच 'साउइन' आहे, आणि 31 ऑक्टोबरच्या रात्रीला साउइनची रात्र म्हणतात. जुन्या आयरिश कालगणनेत वर्षाचे दोन ठळक भाग: 1 मेला उन्हाळा सुरू, 1 नोव्हेंबरला हिवाळा. मे महिन्यात गुरं डोंगरावरच्या कुरणांत न्यायची, साउइनला खाली आणायची. हिवाळाभर पोसता येणार नाहीत तेवढी मारून मांस मिठात घालायचं. हिशेब मिटवायचे, गडी-माणसांचे करार संपवायचे. म्हणजे आपल्या दसरा-दिवाळीच्या आसपास जसं पीक घरात येतं आणि देणीघेणी होतात, तसाच शेतकऱ्याच्या वर्षाचा सांधा. भुतं त्यावर नंतर बसली म्हणा, किंवा त्याच सांध्यातून आत शिरली म्हणा.

आणि दिवस सूर्यास्ताला सुरू होई, म्हणून महत्त्व आदल्या रात्रीला. जुन्या आयरिश कथांमध्ये साउइनच्या रात्री 'शी' म्हणजे जमिनीखालचे अद्भुत लोक आपल्या टेकाडांमधून बाहेर पडतात. हे 'शी' म्हणजे मेलेले पूर्वज नव्हेत, हे लक्षात घ्या. आपल्याकडच्या आसरा, वेताळ, देवचार यांच्या जातकुळीतलं काहीतरी. सर्वपित्रीची तुलना इथेच अर्धी कोसळते. आपण पितरांना बोलावतो, पान वाढतो, कावळ्याची वाट बघतो. आयरिश शेतकरी त्या रात्री यांच्या वाटेला जाऊ नये म्हणून दार लावून घेत होता.

आमच्या घरापासून टाराची टेकडी गाडीने पंधरा मिनिटांवर. तिथे पाच हजारांहून जास्त वर्षं जुनं एक दगडी थडगं आहे. नोव्हेंबरच्या सुरुवातीला आणि पुन्हा फेब्रुवारीच्या सुरुवातीला उगवत्या सूर्याचा प्रकाश त्याच्या आतल्या वाटेत शिरतो. गाईड हे सांगताना हमखास आवाज खाली आणतात. पण ते बांधणारे लोक केल्टिक भाषा (आयरिश ही त्यांतलीच एक) बोलणाऱ्यांच्या कितीतरी आधीचे, त्यामुळे 'हॅलोवीन पाच हजार वर्षं जुना' असं कुणी ठोकून दिलं तर विश्वास ठेवू नका. तसंच दुसरं उदाहरण जवळच्याच हिल ऑफ वॉर्ड या टेकडीचं. साउइनच्या रात्री सगळ्या आयर्लंडमधल्या चुली विझवून इथल्या आगीवरून पुन्हा पेटवत, असं जेफ्री कीटिंग हा इतिहासकार लिहितो. वर्णन सुरेख आहे. फक्त कीटिंग 17व्या शतकातला. तो ज्या काळाबद्दल लिहितो त्याच्यानंतर हजारभर वर्षांनी. केल्टिक पुरोहित नरबळी देत होते वगैरे जे व्हिडिओ फिरतात त्यांचा साउइनशी संबंध जोडणारा धड पुरावा नाही.

'हॅलोवीन' हे नाव मात्र शंभर टक्के ख्रिस्ती आहे. 'हॅलो' म्हणजे संत, 'ईन' म्हणजे संध्याकाळ. 1 नोव्हेंबर हा सर्व संतांचा दिवस, त्याची पूर्वसंध्या. रोममध्ये 7व्या शतकात सर्व हुतात्म्यांचा दिवस 13 मेला होता. 1 नोव्हेंबर ही तारीख 8व्या-9व्या शतकात रुळली आणि 835 च्या सुमारास पोप चौथा ग्रेगरी आणि फ्रँक राजा लुई यांच्यामुळे सगळीकडे पसरली. 'चर्चने साउइन गिळंकृत करण्यासाठीच ही तारीख निवडली' ही गोष्ट तुम्ही शंभर ठिकाणी वाचाल. मलाही ती आवडायची. पण रोनाल्ड हटन या इतिहासकाराने दाखवलेली अडचण अशी की त्या काळी खुद्द आयर्लंडमध्ये संतांचा हा दिवस 20 एप्रिलला पाळत, आणि नोव्हेंबरची तारीख आधी इंग्लंड-जर्मनीकडे दिसते. साउइन ज्यांचा, त्यांनीच तारीख उचलली नव्हती.

मृतांचा खरा दिवस आहे 2 नोव्हेंबर. फ्रान्समधल्या क्लूनीच्या मठाचा प्रमुख ओदिलो याने तो 1000 च्या आसपास सुरू केला: सगळ्या मृतात्म्यांसाठी प्रार्थना. तुमची सर्वपित्री शोधायची तर ती इथे सापडेल, आणि त्यासाठी अमेरिकेला जायची गरज नाही. वसईला जा, गोव्यात जा. दफनभूमी साफ करून कबरींवर फुलं, मेणबत्त्या, घरचे सगळे जमलेले. माझ्याबरोबर काम करणारी वसईची एक मुलगी दर वर्षी त्या संध्याकाळी आईला व्हिडिओ कॉल लावते आणि आई फोन कबरीसमोर धरते. हॅलोवीनचं हे सख्खं भावंड पोर्तुगीजांच्या काळापासून आपल्या शेजारी राहतंय आणि आपण पाहतो भोपळ्याकडे.

हॅलोवीनला तोंड कोरून आत दिवा ठेवतात त्या भोपळ्याचं असं, की तो मुळात सलगम होता. आयर्लंड-स्कॉटलंडमध्ये सलगम पोखरून, त्याला डोळे-दात कोरून आत मेणबत्ती ठेवत. मेयो काउंटीतल्या ग्रामजीवनाच्या राष्ट्रीय संग्रहालयात अशा एका जुन्या सलगमाचा साचा ठेवलाय. सुरकुतलेला, दात विचकणारा. त्यापुढे भोपळा म्हणजे अगदी गोंडस बाळ. मी एकदा सलगम कोरून बघितला. दोन चमचे वाकले आणि बायकोने सुरी काढून घेतली. 1845 पासूनच्या बटाट्याच्या दुष्काळात लाखो आयरिश लोक अमेरिकेला गेले, तिथे मऊ आणि आयता पोकळ भोपळा मिळाला. मीसुद्धा तेच केलं असतं.

घरोघर मागत फिरणंही जुनंच. मध्ययुगीन इंग्लंडमध्ये गरीब लोक मृतांसाठी प्रार्थना म्हणण्याच्या बदल्यात 'सोल केक' म्हणजे मृतात्म्यांच्या नावाने वाटलेले छोटे केक घेत. स्कॉटलंडमध्ये मुलं सोंगं काढून दारात येत आणि गाणं किंवा नक्कल करून दाखवल्याशिवाय त्यांना काही मिळत नसे. 'ट्रिक ऑर ट्रीट' (खाऊ द्या, नाहीतर खोडी काढू) हे शब्द मात्र 1920 च्या दशकातल्या कॅनडातल्या वर्तमानपत्रांत दिसू लागतात. त्या काळी टवाळ पोरं लोकांची फाटकं उपटून न्यायची. मिठाई ही सरळसरळ खंडणी होती. दुसऱ्या महायुद्धातलं साखरेचं रेशनिंग अमेरिकेत 1947 ला उठलं आणि मग चॉकलेट कंपन्यांनी बाकीचं पाहिलं.

आमच्या शेजारच्या आजोबांच्या लहानपणी इथली मुलं दारात येऊन म्हणायची, 'हॅलोवीनच्या पार्टीला मदत करा', आणि पिशवीत पडायची सफरचंदं आणि भुईमुगाच्या शेंगा. हो, शेंगा! ऑक्टोबरात इथल्या सुपरमार्केटमध्ये त्यांचे ढीग लागतात. एरवी शेंगा शोधत वणवण फिरणारा मी त्या आठवड्यात वर्षाची बेगमी करतो.

खाण्यातलं दुसरं म्हणजे बार्मब्रॅक, मनुका-बेदाणे घातलेला गोडसर पाव. त्यात पूर्वी अंगठी, नाणं, चिंधी, काडी, वाटाणा असं लपवत. अंगठी मिळाली तर वर्षात लग्न, नाणं म्हणजे पैसा, चिंधी म्हणजे गरिबी, वाटाणा म्हणजे यंदा लग्न नाही. विकतच्या पावात आता फक्त अंगठी असते. सासूबाई आल्या होत्या त्या वर्षी ती त्यांच्याच तुकड्यात निघाली. सासरे दोन दिवस पेपरामागे तोंड लपवून हसत होते.

आणि एक समजूत मला फार आवडते. साउइननंतर रानातल्या ब्लॅकबेरी खायच्या नाहीत, कारण 'पूका' नावाचं भूत त्यांवर थुंकून जातं. त्या दिवसांत त्या खरंच बुरसटायला लागतात. कोकणात पाऊस सुरू झाला की आजी आंब्याला हात लावू देत नसे, 'आता किडे पडतात' म्हणायची. तिच्याकडे पूका असता तर आम्ही जास्त ऐकलं असतं.

तर पार्टीचं. मिठाईत विष-ब्लेड घालतात ही भीती तुम्हाला कुणी घातलीच, तर जोएल बेस्ट या समाजशास्त्रज्ञाने अमेरिकेतल्या कित्येक वर्षांच्या बातम्या तपासल्यात. अनोळखी माणसाने वाटलेल्या मिठाईतल्या विषाने मूल दगावल्याचं एकही प्रकरण त्याला सापडलं नाही. भीती तरी टिकून आहेच. 2024 मध्ये 31 ऑक्टोबरला नरकचतुर्दशी होती. दारात आकाशकंदील, पणत्या. मुलांना वाटलं या घराने सगळ्यांत भारी सजावट केलीय, त्यामुळे आमच्याकडे रांग लागली. चॉकलेटं अर्ध्या तासात संपली. घरच्या चकल्या पुढे केल्या तर पालकांचे चेहरे अवघडले, कारण वेष्टनाशिवायचं काही घ्यायचं नाही हा नियम. शेवटी मुलाने कपाटातले पार्ले-जीचे छोटे पुडे काढून आणले. पुढच्या वर्षी एक सांगाडा दारात उभा राहून थेट 'ती बाळाची बिस्किटं' मागत होता.