लेडी डॉक्टर, महिला डॉक्टर की डॉक्टरीण?

प्रश्न असा: "दुसऱ्या महायुद्धानंतरच्या सार्वजनिक आरोग्यसेवेत हक्कासाठी भांडलेल्या स्त्री-डॉक्टरांवर लेख लिहितो आहे. त्यांना लेडी डॉक्टर म्हणावं, महिला डॉक्टर की डॉक्टरीण? एका जाणकारांनी बजावलं की डॉक्टरीण म्हणजे डॉक्टरची बायको."

'लेडी डॉक्टर' जुन्या कागदात पदनाम म्हणून आलं असेल तर तसंच ठेवा, स्वतःच्या वाक्यात आणू नका. 'महिला डॉक्टर' या शब्दाचं मात्र हल्ली फार वाटोळं झालं आहे. 'दिवस गेलेत, महिला डॉक्टरला दाखवा' असं सर्रास ऐकू येतं. म्हणायचं असतं स्त्रीरोगतज्ज्ञ. त्या जागी पुरुषही असू शकतो आणि स्त्री-डॉक्टर क्षयरोगाचीही असू शकते, हे दोन्ही या वापरात बुडतं. सुशीला नय्यर यांनी जॉन्स हॉपकिन्सला सार्वजनिक आरोग्याचं शिक्षण घेतलं, 1962 ते 67 केंद्रात आरोग्यखातं सांभाळलं, 1969 साली सेवाग्रामला वैद्यकीय महाविद्यालय उभं केलं. त्यांना या अर्थाने 'महिला डॉक्टर' म्हणणं म्हणजे त्यांचं निम्मं काम पुसणं.

आता डॉक्टरीण. पाणिनीचं सूत्र आहे 'पुंयोगादाख्यायाम्' (4.1.48). पुरुषाशी असलेल्या नात्यामुळे स्त्रीला नाव पडतं तेव्हा कोणता प्रत्यय लावायचा, ते हे सूत्र सांगतं. पुढच्याच सूत्रात इंद्राणी, भवानी, मातुलानी येतात आणि त्यांच्याबरोबर आचार्यानी. पाणिनीची सूत्रं उलगडणारा ग्रंथ सिद्धान्तकौमुदी इथे थांबून फरक सांगतो: आचार्याची बायको ती आचार्यानी, पण 'आचार्या स्वयं व्याख्यात्री', म्हणजे स्वतः शिकवणारी ती आचार्या. उपाध्यायाचंही तसंच. बायको असेल तर उपाध्यायानी, स्वतः अध्यापिका असेल तर उपाध्याया किंवा उपाध्यायी. स्वतःच्या विद्येवर उभ्या असलेल्या बाईसाठी वेगळं रूप हवं, हे या व्याकरणाला किती स्वच्छ दिसलं होतं! (आचार्यानीत 'न' आहे, 'ण' नाही, त्यासाठी वेगळं वार्तिकच, म्हणजे सूत्राला जोडलेला पूरक नियमच आहे. 'आचार्याणी' लिहिणाऱ्यांनी ध्यानात ठेवावं.)

मराठीने ही दोन रूपं एका '-ईण'मध्ये ओतली. पाटलीण पाटलाच्या नात्याने, पण मास्तरीण दोन्ही अर्थांनी. बायका शाळेत शिकवू लागल्या तसा शिकवणारीचा अर्थ वरचढ झाला. '-ईण म्हणजे बायको' असा सरसकट नियम सांगणाऱ्या जाणकारांना माझा एकच सवाल आहे: सुईणीचा नवरा कोण? 'सू' म्हणजे प्रसवणे, त्या कुळातला हा शब्द. त्याला पुल्लिंगी जोडीदारच नाही. बाळंतपणाचं कसब अंगी असलेली ती सुईण, मग तिचा नवरा नांगर धरो की भांडी घडवो. माझं तर मत आहे की कोळीण, तेलीण, परटीण या शब्दांतही नात्याइतकाच धंदा बोलतो. पाटी घेऊन दारोदार मासळी विकणारी कोळीण काय नुसती कोळ्याची बायको म्हणून ओळखली जात होती? म्हणून डॉक्टरीण हा शब्द चूक नाही. खेड्यापाड्यांत 'डॉक्टरीणबाई' इलाज करणारीलाच म्हणत आले आहेत.

हा पुंयोग, म्हणजे पुरुषाच्या नात्याने पडणारं नाव, तुमच्या विषयात थेट शिरतो. स्त्री-डॉक्टरांची अखिल भारतीय संघटना 1907 साली निघाली. पहिल्या अध्यक्ष मुंबईच्या कामा रुग्णालयाच्या अ‍ॅनेट बेन्सन. मागणी होती सरकारी सेवेची, आयएमएसच्या (इंडियन मेडिकल सर्व्हिसच्या) तोडीची. 1914 साली विमेन्स मेडिकल सर्व्हिस मिळाली, पण सरकारी खातं म्हणून नाही. सरकारने अनुदान द्यायचं आणि कारभार काउंटेस ऑफ डफरिन फंडाने पाहायचा. काउंटेस म्हणजे अर्लची बायको! पदवीधर डॉक्टरांची नोकरी व्हाइसरॉयच्या पत्नीच्या नावाच्या निधीला टांगलेली, म्हणजे आचार्यांना आचार्यानीच्या खात्यात घातलेलं.

देशाच्या आरोग्यसेवेची पाहणी करणाऱ्या भोर समितीचा अहवाल 1946 साली आला. देशात डॉक्टर सुमारे 47,500, सुईणी जेमतेम 5,000, आणि बाळंतपणात वर्षाला दोन लाखांच्या आसपास बायका दगावतात, हे त्यात मांडलं आहे. समितीवर डॉक्टर हिल्डा लाझरस होत्या. कामा रुग्णालयाच्या पहिल्या भारतीय प्रमुख डॉक्टर जेरुशा झिराड यांनी मुंबईतल्या मातामृत्यूंची चौकशी आधीच केली होती. स्वातंत्र्यानंतर स्त्री-डॉक्टरांच्या संघटनेचं अध्यक्षपद झिराड यांच्याकडे आलं. 1950 साली राज्यघटनेच्या 16व्या कलमाने सरकारी नोकरीत लिंगावरून भेद करायला बंदी घातली. लेख लिहिताना हा क्रम सोडू नका.

वाक्यात शब्द बसवताना बहुतेक ठिकाणी नुसतं 'डॉक्टर' पुरतं. 'आमच्या डॉक्टर आल्या' यात लिंग दोनदा कळतं. अडतं ते 'डॉक्टर येतील', 'डॉक्टर तपासतात', 'डॉक्टरांनी सांगितलं' इथे. आदरार्थी अनेकवचनात ही रूपं स्त्री-पुरुषांना सारखीच, आणि 'लेडी', 'महिला' नेमके याच फटीतून घुसतात. तिथे नाव द्या: 'डॉक्टर झिराड यांनी सांगितलं', आणि पुढच्या वाक्यात 'त्या म्हणाल्या' आणा. समूहाबद्दल लिहिताना 'स्त्री-डॉक्टर' लिहा, जोडरेघेसह.