तिसरीतल्या मुलीसाठी कुठलं सॉफ्टवेअर घ्यावं?

ताई, तुमचं म्हणणं असं की मुलगी तिसरीत, सेमी इंग्रजीला. घरात जुना लॅपटॉप पडून आहे. आणि विश्रामबागेत डेमो देणारा टॅबसकट तीन वर्षांचं पॅकेज हप्त्यावर घ्या म्हणून मागे लागलाय.

आधी हप्त्याचं. हा हप्ता बऱ्याचदा फायनान्स कंपनीचं कर्ज असतो, तुमच्या नावावरचं. पोरीनं महिन्याभरात टॅब माळ्यावर टाकला तरी खात्यातून पैसे कापले जातात. सही करायच्या आधी कागदावर कर्ज देणारा कोण, ते बघा. पाहुण्यांत विचारा, असा एखादा टॅब सापडेलच कुणाच्या तरी कपाटात.

आता डेमो. डेमोत सगळं झकास चालतं, कारण तो माणूस बरोबर उत्तरं देत जातो. तुम्ही मुद्दाम चुका. ५२ वजा २७ आलं की ३५ दाबा. बहुतेक ठिकाणी लाल फुली येईल, ‘पुन्हा प्रयत्न करा’ म्हणेल आणि खाली तेच चार पर्याय. एकेक दाबत गेलं की कधीतरी टाळ्या वाजतात, हे पोरांना दुसऱ्याच दिवशी कळतं. वजाबाकी मात्र आहे तिथंच. ३५ म्हणणाऱ्या पोरीनं ७ मधून २ वजा केलेत, दशक सुटा केलेलाच नाही. हे ओळखून जो प्रोग्रॅम पाचातला एक दशक मोडून दाखवतो, त्याला पैसे द्यायला माझी ना नाही. असे फार थोडे आहेत.

तोवर फुकटातलं वापरा. लॅपटॉपवर जीकॉम्प्रिस टाका. २००० सालापासून चालू आहे, २ ते १० वर्षांच्या मुलांसाठी शंभरावर खेळ आहेत, जाहिराती नाहीत आणि एकदा उतरवून घेतलं की नेट लागत नाही. सोबत चित्रं काढायला टक्स पेंट. त्यात चित्र सेव्ह करताना फाइलचं नाव टाकावं लागत नाही, त्यामुळं पोरं दर पाच मिनिटांनी हाका मारत नाहीत. मराठी वाचनाला फोनवर गुगलचं रीड अलाँग. मूल मोठ्यानं वाचतं, ॲप ऐकतं. अडलेल्या शब्दावर बोट ठेवलं की उच्चार ऐकवतं. गोष्टी आधी उतरवून ठेवल्या तर रेंज नसली तरी चालतं. अभ्यासक्रमासाठी बालभारतीच्या पुस्तकातला क्यूआर कोड सरकारच्या दीक्षा ॲपनं स्कॅन करा, धड्याचे व्हिडिओ मिळतात. सगळेच व्हिडिओ चांगले नाहीत, निवडून दाखवा. प्रोग्रॅमिंग शिकवणारं स्क्रॅच ८ वर्षांपुढच्यांसाठी आहे खरं, पण मी म्हणेन चौथीच्या सुट्टीत बघा.

एक मात्र करा. सेमीच्या मुलांना शाळेत गणिताचे शब्द इंग्रजीत येतात, म्हणून गणिताचे खेळ इंग्रजीत लावा आणि वाचन मराठीत ठेवा. पहिला आठवडा शेजारी बसा, पण माऊस हातात घेऊ नका. आणि हो, माऊस वेगळा घ्याच, साधा वायरचा. टचपॅडवर पोरं वैतागतात आणि खापर सॉफ्टवेअरवर फुटतं.