'मिसअंडरस्टुड व्हिलन'ला मराठीत काय म्हणायचं?

सांगलीहून आलेला प्रश्न थोडक्यात असा: "वॉरक्राफ्ट 3 या गेममधल्या प्रसंगांना आम्ही मित्र मिळून मराठी सबटायटल्स देतोय. त्यातल्या आर्थस या पात्राला खलनायक लिहायचं की प्रतिनायक, यावरून दोन तट पडलेत. एकजण म्हणतो, तो मुळात वाईट नाहीच, इंग्रजीत म्हणतात तसा 'मिसअंडरस्टुड', म्हणजे 'गैरसमज झालेला नायक' आहे. हे मराठी बरोबर आहे का?"

आधी शेवटचा भाग घेऊ, कारण खरी अडचण तिथं आहे. "गैरसमज झालेला नायक" म्हणजे ज्याचा स्वतःचाच गैरसमज झालाय असा नायक. गैरसमज ज्याच्या डोक्यात असतो त्याला मराठीत 'चा' लागतो, आणि ज्याच्याविषयी असतो त्याला 'बद्दल'. "सुनेचा गैरसमज झाला" आणि "सुनेबद्दल गैरसमज झाला" ही वाक्यं शेजारी ठेवून बघा. पहिल्यात चुकली सून, दुसऱ्यात चुकले घरचे. 'झालेला' असं विशेषण केलं की 'चा' आणि 'बद्दल' दोन्ही गळतात आणि वाचणारा पहिलाच अर्थ धरतो. ताप आलेला, भूक लागलेली, राग आलेला या सगळ्यांत ताप, भूक, राग त्या माणसालाच असतो. गैरसमजही त्याच रांगेत जाऊन बसतो. "चुकीचा समजला गेलेला" हे व्याकरणात बसेल, पण सांगलीच्या बसस्टँडवर किंवा साताऱ्याच्या राजवाड्यासमोर असं बोलताना कोणी सापडणार नाही.

मराठी अशा ठिकाणी विशेषण टाकून वाक्य घेते: "त्याला कुणी ओळखलंच नाही." "त्याचं कुणी ऐकूनच घेतलं नाही." आपल्या पट्ट्यात हेच "त्येचं कुणी ऐकूनच घेतलं न्हाई" होतं. सबटायटलला असं वाक्य विशेषणापेक्षा बरं पडतं, डोळा अडखळत नाही. विशेषणच हवं असेल तर 'नाहक बदनाम' आहे. आणि न केलेलं कृत्य माथी मारलं असेल तर नेमका शब्द 'आळ'.

आता हे आर्थसला लागू पडतं का, ते गेममध्येच बघावं लागतं. 2002 सालच्या मूळ गेममध्ये तो लॉर्डेरॉनचा राजपुत्र. स्ट्रॅथोम शहरात पोचतो तेव्हा रोगट धान्य घरोघर वाटून झालेलं असतं. ते खाल्लेला माणूस मरून पुन्हा उठणार आणि शत्रूच्या फौजेत जाणार. आर्थस सगळं शहर कापायचा हुकूम देतो. त्याचा गुरू अथर नकार देतो, त्याची सोबतीण जैना निघून जाते. इथपर्यंत "मुळात वाईट नाही" म्हणणाऱ्या मित्राची बाजू जोरदार आहे, कारण दुसरा उपाय कोणी सुचवत नाही.

पण पुढं नॉर्थरेंड या बर्फाळ प्रदेशात काय होतं? बाप फौजेला परत बोलावतो, तेव्हा हा भाडोत्री सैनिक लावून स्वतःचीच जहाजं जाळतो, म्हणजे कोणाला परत जाता येऊ नये. आणि जळकी जहाजं बघून सैनिक हवालदिल होतात, तेव्हा त्याच भाडोत्र्यांकडे बोट दाखवून त्यांना मारायला लावतो. 'आळ' हा शब्द या गेममध्ये कुठं चपखल बसत असेल तर तो इथं, आणि तो घेणारा आर्थस आहे. फ्रॉस्टमोर्न तलवार उचलण्याआधीही त्याचा मित्र मुराडिन त्याला बजावतो की ती शापित आहे. तरी तो उचलतो, आणि परत आल्यावर सिंहासनावरच्या बापाला त्याच तलवारीनं मारतो. सगळं स्वतः केलेलं. म्हणून 'नाहक बदनाम' बाद. गंमत अशी की तुमच्या मित्राचं चुकलेलं मराठी आर्थसला भलत्याच अर्थानं लागू पडतं: आपण राज्य वाचवतोय, हा तलवार उचलेपर्यंत *त्याचाच* गैरसमज असतो.

राहिला खलनायक की प्रतिनायक. प्रतिनायक म्हणजे फक्त विरोधी बाजूचा, त्यामुळं तो सौम्य शब्द, असा समज बराच पसरलाय. जुन्या नाट्यशास्त्रात तसं नाही. दहाव्या शतकातल्या धनंजयाच्या 'दशरूपक' ग्रंथात प्रतिनायकाचं लक्षण असं दिलंय: "लुब्धो धीरोद्धतः स्तब्धः पापकृद् व्यसनी रिपुः". लोभी, उद्धत, ताठर, पापी, व्यसनी शत्रू. त्यावरच्या टीकेत उदाहरणं म्हणून रावण आणि दुर्योधन. यात सौम्य काय आहे? शिवाय मराठी समीक्षेत काहीजण अँटी-हीरोलाही, म्हणजे नायकाचे गुण नसलेल्या नायकालाही, प्रतिनायकच म्हणतात, त्यानं घोटाळा वाढतो.

आणखी एक. प्रतिनायक ही गोष्टीतली जागा आहे, स्वभाव नाही. नायक कोण हे ठरल्याशिवाय प्रतिनायक ठरत नाही. गेमच्या पहिल्या भागात, मानवांच्या मोहिमेत, आर्थस नायक आणि मालगॅनिस हा राक्षस प्रतिनायक. पुढं मृतांच्या मोहिमेतही खेळणाऱ्याच्या हातात आर्थसच असतो. तिथं तो अथरला मारून बापाचा अस्थिकलश पळवतो आणि त्यात एका मांत्रिकाचे अवशेष भरून नेतो. कृत्य खलाचं, जागा नायकाची. 'खलनायक' या समासाची फोड 'खल असा नायक' अशी केली तर अक्षरशः आर्थसच बाहेर येतो. तेव्हा निवेदनात खलनायक लिहा, माझं मत स्पष्ट त्या बाजूला आहे.

संवादात मात्र शब्द तोलून घ्यावे लागतील, कारण मराठीत वाईट माणसाला दिलेला प्रत्येक शब्द तो वाईट *कसा झाला* हेही सांगून टाकतो. 'दुष्ट' हा 'दुष्' धातूपासून आलाय, अर्थ बिघडणे. दोष, दूषित ही त्याचीच भावंडं. दुष्ट म्हणजे मुळात बिघडलेला, म्हणजे आधी धड असलेला. रोगट धान्यापासून सुरू होणाऱ्या गोष्टीला याहून जवळचा शब्द मिळायचा नाही.

उलट 'बेणं'. उसाच्या लागणीला डोळे असलेली टिपरी वापरतात ते बेणं, आणि जसं बेणं तसा ऊस. "लई बेरकी बेणं हाय" म्हटलं की खोट जातीतच आहे असं म्हटलं, शिवाय त्यात थोडं कौतुकही आलं. मालगॅनिसला ते शोभेल, आर्थसला नाही. 'इब्लिस' तर टाळाच. अरबीत तो सैतान, पण आपल्याकडं शेजारच्यांच्या चिंचा पाडणारं पोरगंही इब्लिसच.

'खळ' या शब्दाची सर्वांत सूक्ष्म जाण पसायदानात आहे: "जे खळांची व्यंकटी सांडो". व्यंकटी म्हणजे वाकडेपणा. ज्ञानेश्वर खळ नष्ट होवोत असं मागत नाहीत, त्यांचा वाकडेपणा गळो म्हणतात. माणूस वेगळा आणि व्यंकटी वेगळी. तुमच्या दोन तटांचा वाद या एका ओळीत मिटू शकतो, आणि अथरच्या तोंडी "तुझी व्यंकटी सुटली नाही" असं जुन्या वळणाचं वाक्य चांगलं वाटेल.

सांगलीच्या माणसांना हे निराळं सांगायला नको, पण 1843 साली विष्णुदास भाव्यांनी तिथं 'सीतास्वयंवर' केलं, त्या घराण्याच्या नाटकांत राक्षस "अलल्लडुर्र" अशी आरोळी ठोकत यायचा. तो कोण हे आरोळीतच कळायचं. तुमच्या गेममध्ये आरोळी नाही, म्हणून ते काम शब्दाला करावं लागतं.

"ओळखलंच नाही" हे वाक्य वाया घालवू नका, ते याच गेममधल्या इलिडन या पात्रासाठी ठेवा. 10,000 वर्षं कैदेत काढून सुटल्यावर तो एका कवटीची शक्ती स्वतःत घेतो, तिच्या बळावर राक्षसांचा सरदार टिकॉन्ड्रियसला मारतो, आणि त्या शक्तीनं पालटलेलं रूप बघून सख्खा भाऊच त्याला वनातून हाकलतो. त्याच्या 'बिट्रेयर' या बिरुदाला शत्रूंच्या तोंडी 'दगाबाज' द्या. 'फितूर' नको, कारण त्यात पैसा किंवा वतन घेऊन गुपचूप शत्रूला मिळणं येतं. आणि निवेदकाच्या ओळीत यातलं काहीच नको, तिथं नुसतं 'इलिडन' लिहा.