मुरघासाला झोंबणारा वास आणि वर पांढरी बुरशी

प्रश्न: मक्याचा मुरघास (हवाबंद करून आंबवलेला हिरवा चारा) एक टनाच्या बॅगेत भरला. दुकानदाराच्या सांगण्यावरून दहा किलो युरिया आणि दुप्पट कल्चर (चारा आंबवणाऱ्या जिवाणूंची पाकिटं) टाकलं. महिन्याने उघडला तर नाकाला झोंबणारा वास, वर पांढरी बुरशी. गायी दोनच आहेत. घालू का? कुट्टी यंत्राला अनुदान मिळतं का?

उत्तर: घालू नका. बुरशीचा थर आणि त्याखालचा वीतभर चारा उकिरड्यावर टाका. झटकून किंवा उन्हात वाळवून गव्हाणीत आणू नका. बुरशीचं विष उन्हाने जात नाही, दुधातही उतरतं. खालचा चाराही पशुवैद्यकाला दाखवल्याशिवाय नको. आधीच खाल्ला असेल आणि गाय लाळ गाळत, थरथरत असेल, तर लगेच डॉक्टरांना बोलवा.

झोंबणारा वास बहुधा युरियाचा. मक्यातल्या साखरेचं आम्ल होतं आणि त्या आम्लावरच मुरघास टिकतो. युरियाचा अमोनिया नेमकं तेच आम्ल मारतो. युरिया वाळल्या कडब्याला, भुशाला. तोही शंभर किलोला चारच किलो, पाण्यात पूर्ण विरघळवून. सहा महिन्यांच्या आतल्या वासरांना तोही नको. हिरव्या मक्यात युरिया नको, दुकानदार कितीही म्हणो. कल्चरचंही तेच. बॅगेत हवा राहिली तर चौपट टाकलं तरी बुरशी येणारच. पाकिटापेक्षा पायाने तुडवण्यावर भर द्या. वीतभर थर, की तुडवा. बॅग एकाच दिवसात भरून बंद करा.

कापणीची वेळ दुकानात विचारू नका, मुठीला विचारा. दाण्याचा वरचा अर्धा भाग पिठाळ झाला, की दोन-चार ताटांची बारीक कुट्टी करा, मूठभर घेऊन अर्धा मिनिट घट्ट दाबा. बोटांतून पाणी गळलं तर थांबा. मूठ उघडताच गोळा विस्कटला तर उशीर झालाय. गोळा हळूहळू सुटला आणि तळहात नुसता ओलसर झाला, तर त्याच दिवशी कापा.

दोन गायींना टनाची बॅग घेतलीच का? पंधरा-पंधरा किलो घातलं तरी ती महिनाभर उघडीच राहणार आणि रोज हवा खाणार. पन्नास किलोच्या पिशव्या भरा, दोन दिवसांत एक संपते. तोंड आवळून बांधा, उंदराने पाडलेलं भोक दिसताच चिकटपट्टी लावा. पंचेचाळीस दिवसांआधी उघडू नका. खायला घालायची सुरुवात गायीमागे दोन-तीन किलोंपासून करा.

अनुदान: आधी अर्ज, मग मंजुरी, मग खरेदी. बिल आधीचं असेल तर प्रकरण अडकतं.